चावी कोणाच्या हाती पाठवायची?

मी कॉन्व्हेंटची, मराठीत चुकले तर सांभाळून घ्या. दिवाळीत फुलसावंगीला गेले तेव्हा आजोबांनी विचारलं, "काय शिकतेस?" म्हटलं, "मेसेजला कुलूप लावणं." ते म्हणाले, "लाव. पण चावी कोणाच्या हाती पाठवशील?"

खरा प्रश्न हाच आहे! १९८४ साली बेनेट आणि ब्रासार्ड यांनी 'बीबी८४' हे उत्तर दिले. पाठवणारा एकेक फोटॉन पाठवतो, उभ्या-आडव्या किंवा तिरप्या पद्धतीने. घेणाराही मनानेच पद्धत निवडून मोजतो. नंतर दोघे उघडपणे फक्त पद्धती सांगतात, बिट नाही. न जुळलेले बिट टाकले की साधारण निम्मे उरतात.

मधल्या चोराने प्रत्येक फोटॉन मोजून पुढे पाठवला तर? त्याची पद्धत निम्म्या वेळा चुकते, त्यातल्या निम्म्या वेळा बिट बदलतो. म्हणजे २५ टक्के चुका. म्हणून काही बिट उघड करून तपासतात. चुका साधारण ११ टक्क्यांच्या वर गेल्या तर चावी फेकून द्यायची.

चोर नसला तरी थोड्या चुका होतातच. समजा ८ बिटांच्या गटात एक चूक आहे. गटातले 'एक' सम की विषम, हे दोघांनी सांगायचे. जुळले नाही तर ४, मग २, मग १ बिट तपासायचा. चूक सापडली, पण चार उत्तरे चोरानेही ऐकली! म्हणून शेवटी हॅश करून चावी आखूड करतात. तीन बिटांची बेरीज सम की विषम, एवढाच नवा बिट ठेवला, तर दोन बिट माहीत असलेल्या चोरालाही काही कळत नाही.

फेब्रुवारी २०२२ मध्ये डीआरडीओ आणि आयआयटी दिल्लीने प्रयागराज ते विंध्याचल, १०० किलोमीटरहून जास्त फायबरवर हे करून दाखवले. एवढ्या अंतरात चांगल्या फायबरमधूनही शंभरातला जेमतेम एक फोटॉन पोहोचतो. आणि फोटॉनची नक्कल करता येत नाही, म्हणून साधा अॅम्प्लिफायर चालत नाही.

पण एक गोष्ट राहिलीच. समोरचा खरंच तोच आहे का? नाहीतर मधला माणूस दोघांशी वेगवेगळी चावी करेल. त्यासाठी थोडी गुप्त चावी दोघांकडे आधीपासून लागतेच.

आमच्या काकांनी 'बँकेतून बोलतोय' म्हणणाऱ्याला ओटीपी सांगितला आणि सोयाबीनचे पैसे गेले. लाइन कोणी टॅप केली नव्हती. आजोबांना मी एवढंच सांगितलं, "चावी उजेडाच्या हाती पाठवता येते, पण घेणारा कोण ते आधी ओळखावं लागतं."

ते म्हणाले, "मग हे काकाला पण शिकव."