कैद्याचे छायाचित्र : नोंद की प्रदर्शन?

आंबेगाव तालुक्यातील जांभोरीच्या होन्या केंगले यांनी सावकारशाहीविरुद्ध बंड उभारले, त्या काळी पोलिसांची भिस्त इनाम आणि खबरी यांवर असे. १८७६ साली मेजर डॅनियल यांनी त्यांना पकडले. सरकारदफ्तरी दरोडेखोर ठरलेले केंगले आज आद्य क्रांतिकारक म्हणून गौरविले जातात, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

कैद्याचे छायाचित्र घेण्यास कायद्याचा स्पष्ट आधार १९२० च्या अधिनियमाने मिळाला. त्याची जागा २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) अधिनियमाने घेतली. छायाचित्रे, बोटांचे ठसे इत्यादी नोंदी राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाकडे ७५ वर्षे राहतात आणि तपास यंत्रणांना पुरविता येतात. त्या चावडीवर लावाव्यात, असे अधिनियमात कोठेही म्हटलेले नाही.

समजा, मंचर किंवा ओतूर ठाण्याच्या हद्दीत चोरीचा संशयित पकडला गेला व त्याचे छायाचित्र त्याच रात्री गावातील भ्रमणध्वनींवर फिरले. पुढे ओळखपरेडीत फिर्यादीने त्याला ओळखले, तरी बचावाचे वकील विचारणारच, “चेहरा आधी पाहिला होता ना?” परेडीचे मोल तेथेच घटते. ज्यांची ओळखपरेड व्हावयाची आहे त्यांचे चेहरे उघड करू नयेत, असे केंद्रीय गृह मंत्रालयाने २०१० मध्येच कळविले होते. फरारी इसमाची गोष्ट वेगळी. त्याचे छायाचित्र प्रसृत करणे शोधासाठी आवश्यकच असते.

दोषसिद्धीनंतर ओळखपरेडीची अडचण उरत नाही. इंग्लंडमध्ये गुन्ह्याचे गांभीर्य आणि पीडितावरील परिणाम तोलून पोलीस अशी छायाचित्रे देतात. आपल्याकडील खेड्यांत हा दुसरा मुद्दा अधिक नाजूक आहे. वीस-पंचवीस उंबऱ्यांच्या वाडीत आरोपी पुष्कळदा पीडितेचा नातलग किंवा शेजारी असतो. त्याचा चेहरा छापला की तिचे नाव न छापताही सर्वांना कळते, आणि लैंगिक गुन्ह्यांतील पीडितेची ओळख उघड करणे हा स्वतंत्र अपराध आहे. विधिसंघर्षग्रस्त बालकाचे छायाचित्र तर कोणत्याही टप्प्यावर प्रसिद्ध करता येत नाही. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. शाळेच्या भ्रमणध्वनी-गटात असे चित्र आल्यास शिक्षकांनी ते पुढे न धाडता पोलीस पाटलांना किंवा ठाण्याला कळवावे.

पूर्वी शिक्षा न झालेली व्यक्ती अंतिमतः निर्दोष सुटल्यास, न्यायालयाचा अन्यथा आदेश नसेल तर, तिच्या नोंदी नष्ट करावयाच्या असतात. त्यासाठीचा अर्ज राज्य शासनाने नेमलेल्या समन्वय अधिकाऱ्याकडे करावा लागतो. ती नोंद अन्य गुन्ह्याशी निगडित नाही, याची खात्री करून ते अभिलेख विभागाला शिफारस करतात.