अर्जुनसालीचा चहा : जोडीला चालेल, गोळीऐवजी नाही

गेल्या पावसाळ्यात एक निवृत्त गुरुजी दवाखान्यात आले. चढ चढताना छातीत दुखण्याचा त्यांचा त्रास चार वर्षे औषधांनी आटोक्यात होता. त्या दिवशी मात्र अंगणात चालतानाही छाती आवळून येत होती. नाडी जलद, रक्तदाब वाढलेला. "गुरुजी, गोळ्या चालू आहेत ना?" असे विचारताच त्यांनी मान खाली घातली. शेवटी त्यांच्या पत्नीनेच सांगितले, "आठ दिवस झाले बंद करून. दोन वेळा अर्जुनाचा चहा घेतात."

मी रागावलो. तेव्हा गुरुजी शांतपणे म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मागे मी या सालीबद्दल विचारले होते. तुम्ही हसलात. म्हणून या वेळी विचारलेच नाही."

गुरुजींना त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात पाठवले आणि ते सुखरूप घरी आले. पण त्यांचे बोलणे मला लागले. त्या रात्री मी घरी अर्जुनसाल उकळून चाखली.

अर्जुन म्हणजे ओढ्याकाठी वाढणारा, गुळगुळीत पांढरट सालीचा अर्जुनसादडा. हिरडा, बेहडा व ऐन हे त्याचे भाऊबंद. ऐनाची साल काळपट व मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते, म्हणून ओळख पटल्याशिवाय रानातून साल आणू नये. पाण्यात उकळलेला काढा लालसर होतो आणि इतका तुरट लागतो, की जीभ कोरडी पडते. दुधात तो तुरटपणा पुष्कळ कमी होतो. आयुर्वेदात यालाच क्षीरपाक म्हणतात : सालीच्या आठपट दूध, दुधाच्या चौपट पाणी, आणि दूध उरेपर्यंत मंद आच. 3 ग्रॅम भुकटीला पाव कप दूध व एक लहान कप पाणी, असा हा हिशेब बसतो. भुकटीची रोजची मात्रा 3 ते 6 ग्रॅम सांगितली आहे.

याचा उपयोग होतो का? अकराव्या शतकातील 'चक्रदत्त' ग्रंथात हृद्रोगावर अर्जुन दिला आहे. आधुनिक काळातही त्यावर चाचण्या झाल्या. छातीत दुखणाऱ्या काही रुग्णांना सालीच्या अर्काने आराम पडल्याचे दिसले. पण या चाचण्या लहान आहेत आणि सर्वांचे निष्कर्ष सारखे नाहीत. शिवाय बहुतेक ठिकाणी रुग्णांची नेहमीची औषधे चालूच होती. अर्जुनाने बंद झालेली रक्तवाहिनी उघडते, असे कोणीही सिद्ध केलेले नाही.

आता गुरुजींचे काय झाले ते पाहू. त्यांच्या गोळ्यांत मेटोप्रोलॉल होती. ही गोळी हृदयाची गती आवरून धरते. ती एकाएकी सोडली, की हृदय दुप्पट जोमाने उसळते, त्याची प्राणवायूची गरज वाढते आणि अरुंद रक्तवाहिन्यांना ती पुरवता येत नाही. त्रास चहाने झाला नाही, गोळी सोडल्याने झाला.

तेव्हा वाचकांनी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

1) चहा सुरू केला म्हणून कोणतीही गोळी स्वतःहून बंद किंवा कमी करू नये.

2) रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, किंवा रक्तदाब कमी राहत असेल, तर विचारल्याशिवाय घेऊ नये. गरोदर स्त्रियांनी टाळावे.

3) 'हृदयासाठी' म्हणून मिळणाऱ्या मिश्रणाच्या पाकिटावरील घटक वाचावेत. त्यात ज्येष्ठमध असेल, तर रोज घेतल्याने रक्तदाब वाढू शकतो व शरीरातील पोटॅशियम घटते.

4) छातीत आवळल्यासारखे दुखून घाम सुटला, कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर काढा उकळत बसू नये. 108 क्रमांकावर फोन करून तडक रुग्णालय गाठावे.

गुरुजी आता सकाळी गोळ्या घेतात आणि संध्याकाळी अर्धा कप क्षीरपाक. दोन्हींची नोंद माझ्याकडे आहे. तुम्हीही काय पिता ते आपल्या डॉक्टरांना सांगा. ते हसले, तरी सांगा.