एका अंगावर दोन आजार

बाबांचा सोरायसिस जुना. कोपरं, गुडघे, डोक्याची टाळू. सत्तरीनंतर त्यात पाण्याने भरलेले तट्ट फोड येऊ लागले. तो निघाला बुलस पेम्फिगॉइड. दोन्ही आजारांत शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच कातडीवर उलटते, पण एकाचं औषध दुसऱ्याला मानवेलच असं नाही.

एका खासगी दवाखान्यात फोडांसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. फोड बसले, सोरायसिसही दिसेनासा झाला, म्हणून तिथूनच गोळ्या एकदम बंद करायला सांगितलं. थोड्याच दिवसांत सोरायसिस उलटून उसळला: सगळं अंग लालबुंद, त्यावर बारीक पुवाच्या पुळ्या आणि ताप. मे महिना, नागपूरचा पारा 45 च्या वर, आणि बाबा कूलर बंद करायला सांगून पांघरूण मागत होते. एवढी कातडी सुजली की शरीराला आतली ऊब राखता येत नाही. अशा वेळी घरी थांबू नका, तडक दवाखाना गाठा.

आम्ही मेडिकलला, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर मॅडमनी आधी घरातली सगळी औषधं टेबलावर मांडायला लावली. त्यातली मधुमेहाची व्हिल्डाग्लिप्टिन त्यांनी बाजूला काढली, कारण या गटातल्या गोळ्यांनी काहींना पेम्फिगॉइड होतो. बीपीचा बीटा ब्लॉकरही बदलून घ्यायला सांगितला, त्याने सोरायसिस भडकू शकतो. एरवी त्वचेचे डॉक्टर शुगरची गोळी विचारत नाहीत, शुगरचे डॉक्टर सदरा काढायला लावत नाहीत. दोघांच्या मध्ये घरचंच माणूस उभं राहायला हवं. माझ्या मते अशा पेशंटच्या उपचारात यापेक्षा महत्त्वाचं काही नाही.

सोरायसिसवर अतिनील किरणांचे उपचार चालतात, पण त्यांनी फोड उसळू शकतात, म्हणून ते टाळले. रक्त, यकृत, मूत्रपिंडं आणि क्षयाची तपासणी झाल्यावर दोन्ही आजारांना चालणारं मेथोट्रेक्सेट ठरलं. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर तोंड सोलवटतं, रक्तपेशी घटतात, जिवावर बेततं. आमच्याकडे रविवार ठरला आणि कालनिर्णयवर दर रविवारी खूण केली. या औषधासोबत दुखण्याची गोळीसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

आणि कुणी स्टेरॉइड बंद करा म्हटलं, तर हळूहळू की एकदम, हे तिथेच विचारा आणि मात्रा कशी उतरवायची ते चिठ्ठीवर लिहून घ्या.