लाइट गेली तेव्हा तुम्ही काय केलंत?

कंपनीचे सर्व्हर दुसऱ्याच्या डेटा सेंटरमध्ये ठेवायचे, तर त्या जागेची पारख करायची, हे काम माझ्याकडे बरीच वर्षं आहे. नवी मुंबईच्या ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात अशा इमारती भरपूर. सेल्सची मंडळी चहाबरोबर जी फाइल पुढे करतात, ती प्रत्येकाचीच झकास असते. ती वाचून झाल्यावर मी काय बघतो, काय विचारतो, ते सांगतो.

1. प्रमाणपत्र कशाचं आहे, ते वाचा.
'टियर थ्री' म्हटलं की मान डोलावू नका. ही श्रेणी देणारी अपटाइम इन्स्टिट्यूट आराखड्याला वेगळं प्रमाणपत्र देते, बांधून झालेल्या इमारतीला वेगळं आणि रोजच्या कारभाराला आणखी वेगळं. आराखडा पास झाला म्हणजे इमारत तशीच बांधली गेली, असं नव्हे. टियर थ्रीचा खरा अर्थ असा, की वीज किंवा कूलिंगमधलं कुठलंही एक यंत्र देखभालीसाठी बंद केलं तरी सर्व्हर चालू राहिले पाहिजेत. तेव्हा विचारा, असं शेवटचं कधी केलंत?

2. टक्क्यांची मिनिटं करा.
99.9 टक्के उपलब्धता म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद, 99.99 म्हणजे साधारण 53 मिनिटं. करारातली हमी मोडली, तर मिळते ती बहुधा भाड्यातली सूट. तुमचा धंदा बुडाला, तर त्याची भरपाई नव्हे. नियोजित देखभालीचा वेळ या हिशेबातून वगळलाय का, तेही बघा.

3. एका ठरावीक दिवसाबद्दल विचारा.
'तुमच्याकडे वीज जाते का?' या प्रश्नाला 'नाही' हेच उत्तर मिळतं. मी विचारतो, '12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी काय झालं?' त्या दिवशी ग्रिड कोसळून मुंबई, ठाणे, नवी मुंबई अंधारात गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. जो मॅनेजर किती वाजता डीजी (डिझेल जनरेटर) सुरू झाले, किती वेळ चालले, कुठला ब्रेकर अडला हे सांगतो, त्याच्याशी पुढे बोलण्यात अर्थ आहे. इमारत नवी असेल, तर तिथल्या शेवटच्या बिघाडाचा अहवाल मागा. 'आमच्याकडे आजवर काहीच झालं नाही' म्हणणाऱ्याने एक तर नुकतंच दुकान थाटलेलं असतं किंवा तो लपवत असतो.

4. डीजीची वही उघडायला लावा.
जनरेटर चकाचक रंगवलेला असतो. माझी नजर लॉगबुककडे. तारीख, किती मिनिटं चालवला, किती लोड होता, सही. लोडच्या रकान्यात महिनोन्‌महिने शून्य दिसलं, तर ती चाचणी नव्हे, नुसतं इंजिन गरम करणं. बिनलोड चालवल्याने डिझेल नीट जळत नाही आणि एक्झॉस्टमध्ये काजळी साचत जाते. अमेरिकेतल्या एनएफपीए 110 या मानकात दर महिन्याला निदान 30 टक्के लोडवर अर्धा तास चालवण्याची रीत आहे. तेवढं तरी हवं. वहीत सगळ्या नोंदी एकाच पेनाने, एकाच वळणात दिसल्या, तर ती आदल्या रात्री भरलेली आहे, असं खुशाल समजा. टाकीतलं डिझेल पूर्ण लोडवर किती तास पुरेल आणि अख्खं शहर टँकरमागे धावत असताना तुमचा टँकर कोण देणार, हेही विचारा.

5. यूपीएस वाचवतो, पण थंडावा?
वीज गेल्यावर डीजी काही सेकंदांत उभा राहतो, तोवर बॅटरी धरते. पण चिलर पुन्हा पूर्ण सुरू व्हायला कित्येक मिनिटं लागू शकतात आणि भरगच्च रॅक तेवढ्यात तापतो. थंड पाण्याची साठवण टाकी आहे का, पंप आणि पंखे यूपीएसवर आहेत का, हे बघा. बॅटरीचं वय विचारा, बॅटरीरूमचं तापमानही बघा. साध्या लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य 25 अंशांवर मोजलेलं असतं. त्याच्या वर साधारण दहा अंश गेलं, की ते निम्मं होतं.

6. केबल हाताने धरून तपासा.
एका ठिकाणी रॅकला ए आणि बी असे दोन फीड असल्याचं सांगितलं होतं. मागे जाऊन वायरींचा माग काढला, तर एका सर्व्हरच्या दोन्ही पिना ए-च्याच पीडीयूत, म्हणजे वीजवाटपाच्या पट्टीत. दोन पॉवर सप्लाय, दोन वायरी, आणि आधार एकच. दोन्ही फीड बरोबर असले, तरी प्रत्येकाचा लोड चाळीस टक्क्यांच्या आत हवा. एक पडला की सगळा भार दुसऱ्यावर येतो आणि ब्रेकरला ऐंशी टक्क्यांच्या वर सतत चालवत नाहीत.

7. दोन कंपन्यांचं फायबर, पण चर एकच?
आपल्याकडे फायबरचा मोठा वैरी म्हणजे जेसीबी. दोन वेगळ्या कंपन्यांची लाइन असली, तरी ती एकाच डक्टमधून, एकाच गेटने आत येत असेल, तर एका खोदकामात दोन्ही खलास. मार्गाचा नकाशा मागा.

8. पाणी आणि आग आधीच धरून चाला.
2012 च्या सँडी वादळात न्यूयॉर्कमधल्या एका इमारतीत जनरेटर उंचावर शाबूत होता, पण तळघरातले इंधनपंप बुडाले. लोकांनी जिन्याने बादल्यांतून डिझेल वर नेलं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पाहिलेल्या आपण तरी स्विचगिअर कुठल्या मजल्यावर आहे, हे विचारायलाच हवं. 10 मार्च 2021 ला स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच या होस्टिंग कंपनीची एक अख्खी इमारत जळाली. ज्यांचा बॅकअप त्याच इमारतीत होता, त्यांचा तोही गेला. पुरवठादार कितीही चांगला असो, बॅकअप दुसऱ्या गावात ठेवणं हे आपलं काम.

9. रात्रपाळीला भेट द्या.
दिवसा सिनियर असतात. रात्री दोन वाजता शिफ्टवरच्या मुलाला विचारा, 'आत्ता यूपीएसचा अलार्म वाजला, तर पहिलं काय करशील?' तो भिंतीवरच्या कार्यपद्धतीकडे बोट दाखवून पायऱ्या सांगू लागला, तर जागा तयारीतली आहे. तो फोन शोधू लागला, तर करार थांबवा, मग भाडं कितीही कमी असू दे.