कॅलिपर पोचत नसेल तर

नरडाणा, ता. शिंदखेडा

चि. भाचेबुवांस,

आबांच्या काळ्या सायकलीला अ‍ॅल्युमिनियमची चाकं घालून कॅलिपर ब्रेक लावलेस ते बरं केलंस. जुन्या रॉड ब्रेकचं रबर रिमला आतून, आऱ्यांच्या बाजूने दाबायचं. त्या रिमच्या कडा गोलसर, कॅलिपरला तिथे पकड मिळालीच नसती. पण दुकानदार ‘दोन्ही अठ्ठावीसचीच’ म्हणाला आणि तू मान डोलावलीस! टायरच्या बाजूवरचा आकडा वाच. जुन्यावर 635 असेल, नव्यावर 622. व्यासात 13 मिलिमीटरचा फरक, म्हणजे रिम ब्रेकपासून साडेसहा मिलिमीटर लांब गेली. त्या फोर्कमध्ये चाकावर आधीच ऐसपैस जागा. म्हणून रबर कॅलिपरच्या हातातल्या खाचेच्या तळाशी आणूनही ते टायरवरच बसतंय.

आता कुणी सांगेल, कानस मारून खाच वाढव. एमआयडीसीमुळे आपल्याकडे वेल्डरही पुष्कळ. कुणी हौसेने पट्टी जोडून देईल. दोन्ही नको. ब्रेक दाबला की फिरती रिम रबराला पुढे ओढते, आणि तो सगळा ताण त्याच कानसलेल्या, डागलेल्या जागेवर येतो. ‘घासू दे थोडं टायरला’ हा सल्ला तर सगळ्यात वाईट. टायरची बाजू कापली जाते, ट्यूब बाहेर येऊन फुटते. मागे आग्रा रोडचा ट्रेलर असताना हे नको.

माप घे. चाक पूर्ण आत बसवून नट आवळ. फोर्कमधल्या बोल्टच्या भोकाच्या मध्यापासून सरळ खाली, रिमच्या ज्या सपाट पट्टीवर रबर बसायचं तिच्या मध्यापर्यंत मिलिमीटर मोज. मागच्या चाकाचं वेगळं मोज. दोन्ही सारखी असतीलच असं नाही. रेसिंगच्या आखूड कॅलिपरची पोच 39 ते 49, मधल्याची 47 ते 57. त्यापुढे 73 पर्यंत पोचणारे लांब हातांचेही मिळतात. तुला बहुधा तेच लागतील. बोल्टची लांबीही बघून घे, जुन्या फोर्कला आरपार जाऊन मागून नट लागतो.

लांब हाताचा ब्रेक जरा मऊ लागतो, तेवढ्याच जोराला पकड कमी देतो. म्हणून केबल आणि तिचं कव्हर नवं टाक, तिथे काटकसर नको.

दोन्ही मापं मला कळव, धुळ्याहून मी घेऊन येतो. तोवर ती सायकल महामार्गावर काढू नकोस.

तुझा मामा