‘झोपू द्या, उतरेल’ असं म्हणू नका

दारू पिऊन पडलेल्या माणसाच्या डोक्याला मार लागला, की घरचे आणि मित्र हमखास म्हणतात, ‘झोपू द्या, सकाळपर्यंत उतरेल.’ यात वाचू शकणारी माणसं दगावतात. जीभ अडखळणं, तोल जाणं, उलट्या, गुंगी ही लक्षणं दारूची असतात, तशीच कवटीच्या आतल्या रक्तस्रावाचीही. नुसतं पाहून फरक अनुभवी डॉक्टरलाही खात्रीनं सांगता येत नाही. त्यासाठी सीटी स्कॅन लागतो.

म्हणून अशा वेळी १०८ ला फोन करा. उलटी होत असेल तर मान आणि पाठ एका रेषेत ठेवून कुशीवर वळवा. लिंबूपाणी, ताक काहीही पाजू नका. गुंगीत ते श्वासनलिकेत जातं. आणि रुग्णालयात खरं सांगा : किती प्याला, कधी प्याला, रोज पितो का. लाजेपोटी हे लपवलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं. रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की पहिल्या दोन-तीन दिवसांत थरथर, झटके, भ्रम सुरू होऊ शकतात. आधी ठाऊक असेल तर औषधं आणि बी-१ जीवनसत्त्व वेळेवर देता येतं.

वर्षानुवर्षं पिणाऱ्यांना धोका आणखी वेगळा. त्यांचा मेंदू आकसतो, त्यावरच्या शिरा ताणल्या जातात. यकृत बिघडलं असेल तर रक्तही नीट गोठत नाही. मग मोरीत घसरून लागलेला साधा मारही पुरतो. रक्त थेंबथेंब साचत राहतं. काही आठवड्यांनी डोकं दुखतं, विसर पडू लागतो, एका बाजूचा हात-पाय जड होतो. तोवर पडल्याचं कुणाला आठवतही नाही. वेळेत कळलं तर बऱ्याचदा कवटीला लहान छिद्र पाडून हे रक्त काढता येतं आणि पुष्कळ रुग्ण चांगले बरे होतात.

बरं झाल्यावर ‘एखादा पेग चालेल का?’ असं विचारतात. माझं उत्तर : नाही. जखमी मेंदूला थोडी दारूही जास्त चढते, झटक्यांचा धोका वाढतो, पुन्हा पडण्याचाही.

मात्र रोज पिणाऱ्यानं मनानंच एकदम बंद करू नये. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली करावं. पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करतं आहे, शिवाय व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन आहे. घरात कुणी पीत असेल, तर हा क्रमांक आजच लिहून ठेवा.