हिरव्या शेवाळाची ओळख : समुद्रांतील ‘उल्वा’चें उदाहरण
भाताची लावणी होऊन खाचरांत पाणी स्थिर झालें, म्हणजे आंबी व आसपासच्या गांवीं त्या पाण्यावर हिरवा थर धरूं लागतो. त्यास आपण सरसकट ‘शेवाळ’ म्हणतों. ज्याच्या योगें पिकास नत्राचा पुरवठा होतो तेंही शेवाळ, आणि ज्याखालीं कोंवळीं रोपें दबतात तेंही शेवाळच! मग एखादा शेतकरी त्रासून मोरचूद टाकितो व मित्र आणि शत्रु या दोहोंचाही एकदम नाश करितो. हें टाळावयाचें तर शेवाळाची जाति कशी ठरवितात हें समजलें पाहिजे. त्यास समुद्रांतील एका हिरव्या शेवाळाचें उदाहरण फार उपयोगी असल्यानें तें प्रथम देतों.

घाट उतरून कोंकणांत गेल्यास ओहोटीच्या वेळीं उघड्या पडणाऱ्या खडकांवर व खाड्यांच्या मुखाशीं हिरव्यागार पात्यांचे व नळ्यांचे झुबके दिसतात. हेंच ‘उल्वा’ होय. हें प्रजातिनाम लिनीयस यांनीं १७५३ सालीं आपल्या ग्रंथांत घातलें. उल्वास मूळ, खोड, पान, फूल, बीं यांपैकीं कांहींच नसतें. तळाशीं लहानशी चकती असते व तिनें तें खडकास धरून राहतें. अन्नद्रव्यें मात्र तें सर्वांगानें पाण्यांतून घेतें. पात्याचें उल्वा बोटांस पातळ रेशमी कागदासारखें लागतें, व त्याचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला असतां पेशींचे दोन थर दिसतात. नळीचें उल्वा आंतून पोकळ असून त्याच्या भिंतींत पेशींचा एकच थर असतो. पोकळींत हवा अडकल्यानें नळी कोठें फुगलेली तर कोठें चिमटलेली दिसते.

हा भेद एवढा ढळढळीत आहे कीं, नळीच्या शेवाळांस पूर्वीं ‘एंटेरोमॉर्फा’ ही निराळी प्रजाति मानीत असत. परंतु आनुवंशिक द्रव्याची तुलना करून २००३ सालीं शास्त्रज्ञांनीं असें दाखविलें कीं, हीं दोन्हीं एकाच प्रजातींतलीं आहेत. याच्या उलट प्रकार २०१४ सालीं घडला. पंजाब केंद्रीय विद्यापीठाचे फेलिक्स बास्ट व त्यांचे सहकारी यांनीं आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील नळीच्या उल्वांचें आनुवंशिक द्रव्य तपासलें, तेव्हां त्यांत आजवर वर्णन न झालेली एक जाति सांपडली. तिला त्यांनीं ‘उल्वा पश्चिमा’ असें नांव दिलें. तात्पर्य, निराळें दिसतें तें निराळेंच असें नव्हे, आणि सारखें दिसतें तें एकच असेंही नव्हे. पाण्याचा खारेपणा व ऊन यांप्रमाणें उल्वाचें रूपही पालटतें. शेत जसें बांधावरच्या आंब्यावरून न ओळखतां गट नंबर व चतुःसीमा पाहून ओळखावें, तसेंच हें आहे.

आतां हाच क्रम खाचरास लावूं. स्थळ, स्पर्श, आकार व अंतर्रचना हीं चार लक्षणें एकत्र पाहावीं.

(१) हातांत केंसांसारखे लांब, निसरडे, हिरवेगार तंतू आले, तर तें बहुधा स्पायरोगायरा. हें हिरव्या शेवाळांपैकींच होय.

(२) कांडीवर ठराविक अंतरानें बारीक फांद्यांचीं कडीं, हातास खरखरीत व लसणासारखा उग्र वास, तर तें कारा. हींही हिरवींच, यांपासून नत्र मिळत नाहीं.

(३) निळसर-काळपट हिरवा, बुळबुळीत थर किंवा गोळे असल्यास ॲनाबीना, नॉस्टॉक इत्यादि नील-हरित शेवाळ असण्याचा संभव आहे. सूक्ष्मदर्शकाखालीं तें मण्यांच्या माळेसारखें दिसतें. मधून मधून जाड भिंतीचा एक मणी असतो; त्यांतच हवेंतील नत्र बांधलें जातें.

शंका राहिल्यास शेवाळ स्पिरिटांत ठेवून त्याचा रंग उतरवावा, व सूक्ष्मदर्शकाखालीं त्यावर आयोडीनचा थेंब सोडावा. हिरव्या शेवाळांत पिष्ट असल्यानें त्यांत निळे-काळे ठिपके उमटतात. नील-हरितांत ते उमटत नाहींत.

भातखाचरांतील नील-हरित शेवाळें नत्र बांधितात, हें पी. के. डे यांनीं १९३९ सालीं बंगालच्या मातीवर प्रयोग करून दाखविलें. आज त्यांचें वाळविलेलें विरजण हेक्टरी १० किलो, लावणीनंतर सुमारें आठवड्यानें टाकण्याची शिफारस केली जाते. यास्तव मोरचुदाची पुडी सोडण्यापूर्वीं खाचरांतील थोडें शेवाळ त्याच पाण्यासह बाटलींत भरून शाळेंतील सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावें, किंवा वडगांव मावळ येथील कृषि संशोधन केंद्रांत दाखवावें. हिरवे तंतू माजले असतील तर ते पंज्यानें ओढून काढावे व दोन-तीन दिवस पाणी उतरवावें. पण माळेचे मणी दिसले, तर त्या थरास हात लावूं नये. तो आपल्या खताचा खर्च वांचवीत आहे.